रिकाम्या प्लॉटचं गवत दिवाळीत नव्हे, मृगात काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात शहरातल्या मोकळ्या प्लॉटवर माजलेल्या रानाबद्दल दोन पत्रं आली होती. एका वाचकांचं म्हणणं, पावसाळा संपला की सगळ्या प्लॉटवर एकदम जेसीबी फिरवावा. दुसऱ्यांनी लिहिलं होतं की आत्ता उन्हात सगळं वाळलंय तर काडी लावून मोकळं व्हावं. दोघांचा त्रास खरा आहे, शेजारी असं रान असलं की काय होतं ते मला माहीत आहे. पण यातला पहिला उपाय मी स्वतः करून बसले आहे आणि दुसरा माझ्या डोळ्यांदेखत झाला आहे, म्हणून हे पत्र.

मी 2023 साली निवृत्त झालेली परिचारिका. माहेर मिरजेचं, रेल्वेच्या क्वार्टरमधलं, त्यामुळे शेतीचा गंध नाही. सांगलीत शामरावनगरच्या बाजूला आमचा 2 गुंठ्यांचा प्लॉट आहे, 33 फूट बाय 66 फूट. 1999 साली हप्त्यानं घेतला. घर बांधायचं होतं. मग मुलांची शिक्षणं, मिस्टरांचं आजारपण, पुढे 2019 चा महापूर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं त्या ऑगस्टमध्ये आमचा प्लॉट कुठे आहे हेसुद्धा ओळखू येत नव्हतं. त्यानंतर तिथे घर बांधायचा विचार आम्ही सोडलाच. वर्षातून एकदा जाऊन हद्दीचे दगड जागेवर आहेत ना, एवढं बघून यायचो. दगड असायचे, पण त्यांच्यापर्यंत पोचता यायचं नाही. गाजर गवत छातीपर्यंत, कडेनं एरंड, नाल्याच्या बाजूला वेडी बाभूळ आणि सगळ्याच्या पोटात लोकांनी टाकलेला राडारोडा.

निवृत्त झाल्यावर ठरवलं की इथे भाजी लावायची. ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर, शेजाऱ्यांनी सुचवलं म्हणून यंत्र बोलावलं. दोन तासांचे अडीच हजार रुपये दिले. संध्याकाळी प्लॉट क्रिकेटच्या मैदानासारखा दिसत होता आणि मला फार आनंद झाला होता. वरची वीतभर माती खरवडून ईशान्येच्या कोपऱ्यात ढीग केला होता. त्या ढिगात गवत, काळी माती, काचा, प्लास्टिक, फरशीचे तुकडे सगळं एकजीव झालेलं. खालून चुनखडीची पांढुरकी माती वर आली होती. चांगली माती मी पैसे देऊन कचऱ्यात घातली, हे कळायला मला आठ महिने लागले.

2024 च्या मृगाचा पाऊस झाला आणि आठव्या दिवशी सगळीकडे हिरवी लव उठली. जुलै संपेपर्यंत गवत पुन्हा कमरेला. एवढंच नाही, आधी लव्हाळा फक्त नाल्याच्या कडेला होता, आता तो चारी कोपऱ्यांत पसरला होता.

त्याचं कारण मला हरिपूरच्या एका आक्कांनी समजावलं. त्या हळदीच्या भांगलणीला जातात, चारशे रुपये हजेरीनं माझ्याकडे आल्या होत्या. त्यांनी खुरप्यानं लव्हाळ्याचा एक कोंब उकरून दाखवला. खाली काळी गाठ, तिच्यातून दोऱ्यासारखं मूळ, त्याला दुसरी गाठ, मग तिसरी, माळेसारखी. "सिस्टर, ह्ये वरनं ओढलं तर पात तेवढी हातात येत्या. गाठ ऱ्हात्या खाली. आन् मिशिननं तर तुमी त्या गाठी फोडून पेरल्याच की सगळीकडं." हराळीचंही तसंच. तुकडा पडला की तिथे नवं झाड.

आणि गाजर गवताचं मूळ दुखणं वेळेचं आहे. हे गवत आपल्याकडचं नव्हे. 1955 च्या सुमाराला पुण्यात ते पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि आज त्याच्याविना रस्ता नाही. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात ते पांढऱ्या फुलावर येतं. एक पोसलेलं झाड 15 ते 25 हजार बिया टाकतं. म्हणजे जून-जुलैत उगवलेलं गवत ऑगस्टच्या अखेरीला बी टाकायला लागतं आणि आपण दसरा-दिवाळीला वर्गणी काढून ते कापायला जातो. तोवर पुढच्या कित्येक वर्षांची पेरणी झालेली असते. आपण कापतो ते वाळलेले सांगाडे. माझ्या यंत्रानं तर ते बी हलक्या हातानं मातीत दाबून दिलं होतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की प्लॉट साफ करायचा तर रोहिणी-मृगाच्या पहिल्या पावसानंतर, गवत वीतभर असताना आणि फूल यायच्या आधी. त्या वेळी माती भिजलेली असते, गाजर गवत मुळासकट सुटतं, आणि फूल नसल्यामुळे उपटलेलं गवत खताच्या खड्ड्यात बेलाशक टाकता येतं. फूल आल्यावर तेच खत करायला घेतलं तर खताबरोबर बी पसरतं. दर वर्षी 16 ते 22 ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह पाळतात. जागृतीला ते ठीक, पण आपल्या काळ्या मातीत कामाला सुरुवात त्याच्या दोन महिने आधी व्हायला हवी.

हात लावताना मात्र जपून. दवाखान्यात मान, कोपराची लवण आणि पापण्या सुजलेली, कातडी जाड होऊन काळवंडलेली माणसं मी वर्षानुवर्षं पाहिली आहेत. त्यातले बरेचसे शेतमजूर. काहींना गाजर गवताच्या नुसत्या वाऱ्यानंही त्रास होतो, परागानं दमा उसळतो. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, नाकाला रुमाल एवढं तरी हवंच. अंगावर एकदा चट्टे उठले असतील त्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावं. आणि गंजलेले खिळे, काचा यांच्यासाठी धनुर्वाताचं इंजेक्शन आधी घेऊन ठेवावं, लागल्यावर पळापळ नको.

सापाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण प्लॉट पेटवण्यामागे बहुतेकांच्या मनात हीच भीती असते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषारी सापांवर सरकारी दवाखान्यात एकच प्रतिविष मोफत मिळतं. पण मी पाहिलेले कितीतरी दंश हाताच्या बोटांना होते. डाव्या मुठीत गवत धरून उजव्या हातानं विळा मारताना झालेले. म्हणून गवताला हात घालण्याआधी काठीनं झोडपायचं आणि आवाज करत पुढे जायचं. गमबूट घालायचे. विटांच्या, फरशांच्या ढिगात बोटं घालायची नाहीत, आधी पहारीनं उलटायचं. आणि काम रस्त्याच्या बाजूनं सुरू करून मोकळ्या रानाकडे सरकत न्यायचं, म्हणजे जनावराला निघून जायला वाट राहते. चारी बाजूंनी घेरून मध्ये येत गेलो की ते शेवटच्या झुडपात अडकतं आणि चावतं. आमच्या शेजारचा प्लॉट एप्रिलमध्ये पेटवला तेव्हा तेच झालं. जाळ चहूकडून लावला, एक घोणस जवळच्या घराच्या पायरीखाली जाऊन बसली. गवतात टिटवीची अंडी होती, तीही गेली. धुरानं समोरच्या घरातल्या आजोबांना रात्री ऑक्सिजन लावावा लागला. आणि जूनमध्ये गवत होतं तेवढंच उगवलं. मातीत गाडलेल्या गाठींना आणि बियांना वरच्या जाळाची झळही लागली नव्हती.

दंश झालाच तर दोरी आवळू नये, चिरा देऊ नये. हात-पाय न हलवता, फळी बांधून, लगेच दवाखाना गाठावा. प्लॉट साफ करायला निघालेल्या प्रत्येकाला हे माहीत असलं पाहिजे.

डेंगीचाही एक गैरसमज आहे. गवतामुळे डेंगी होतो असं आपल्याकडे सरसकट म्हणतात. डेंगीचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि ते पाणी असतं गवतात लपलेल्या वस्तूंमध्ये. माझ्या 2 गुंठ्यांत 3 टायर, 40 च्या वर प्लास्टिकचे पेले, नारळाच्या करवंट्या, एक फुटका कमोड आणि बाटल्या किती ते मोजलंच नाही. त्याची अंडी कोरड्या भांड्याला चिकटून महिनोन्‌महिने तग धरतात आणि पाऊस पडला की जिवंत होतात. गवत कापून हे सामान तिथेच ठेवलं तर डास आहेत तसेच राहतात. म्हणून आम्ही पहिले चार दिवस एकही झाड न उपटता फक्त पाट्या भरून हा कचरा बाहेर काढला. सगळ्यात कंटाळवाणं काम तेच, आणि सगळ्यात गरजेचंही.

तणनाशक मारा, असं मला निदान दहा जणांनी सांगितलं. नाही मारलं. ग्लायफोसेट फक्त कीडनियंत्रण करणाऱ्यांमार्फतच वापरावं अशी अधिसूचना केंद्र सरकारनं ऑक्टोबर 2022 मध्ये काढली, ते एक झालं. पण माझं खरं कारण पॅराक्वाट हे दुसरं तणनाशक आहे. कुणीतरी ते शेजाऱ्यासाठी पाण्याच्या बाटलीत काढून आणतं, बाटली ओट्यावर राहते आणि घरातलं माणूस चुकून घोट घेतं. त्यावर उतारा नाही. आठ-आठ, दहा-दहा दिवस शुद्धीत असलेल्या माणसाची फुप्फुसं निकामी होत जाताना मी वॉर्डात पाहिली आहेत. चार पेंढ्या मेथीसाठी ते औषध वस्तीत आणायची माझी तयारी नाही.

दुसरा सल्ला होता खडे मिठाचा. गाजर गवतावर मिठाचं पाणी मारतात, रस्त्याकडेला ते चालत असेल. पण आपल्या जिल्ह्यात तरी असं कुणी सुचवू नये. उसाला पाणी पाजून पाजून मिरज, पलूस, वाळव्याकडची किती काळी रानं क्षारपड झाली हे आपण बघतो आहोत. तिथे माणसं मीठ बाहेर काढायला जमिनीत चर खणून पाइप पुरतात आणि आपण शहरात ते विकत आणून टाकायचं! माझ्या मातीचा नमुना मी तपासून घेतला. सहा ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला करून वीतभर खोल, इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घेतला, त्याच्या कडेची माती खरवडली, सगळी मिसळून अर्धा किलो दिली. ढिगाजवळची आणि झाडाखालची घेतली नाही. सामू (पीएच) 8.2 आला, सेंद्रिय कर्ब 0.4 टक्के. म्हणजे चुन्याकडे झुकलेली, भुकेलेली जमीन, पण क्षारानं बिघडलेली, चोपण नाही. तो कागद पाहून जीव भांड्यात पडला.

माझी भाची इंग्लंडमध्ये नर्स आहे. तिच्या गावात नगरपालिका नागरिकांना भाजीसाठी जमिनीचे तुकडे वर्षाच्या भाड्यानं देते. 1908 च्या कायद्यापासून तिकडे ही जबाबदारी स्थानिक संस्थांवर आहे. पूर्ण तुकडा साधारण 250 चौरस मीटरचा, म्हणजे आपले अडीच गुंठे. तिलाही रान माजलेलाच तुकडा मिळाला होता. तिनं फोनवर सांगितलं, "मावशी, सगळा एकदम काढायला जाऊ नकोस. पाव भाग हातात घे, बाकीचा झाकून ठेव." हा सल्ला मी तसाच पाळला. तिच्याकडचं वेळापत्रक मात्र आपल्या कामाचं नाही. ती थंडीत खणते आणि बर्फानं ढेकळं फुटतात. आपल्याकडे ढेकूळ फुटतं ते वाफशावर, म्हणजे माती ना चिकट ओली ना कडक कोरडी असताना.

हा वाफसा शिकायला मला एक हंगाम गेला. पाऊस थांबल्यावर दुसऱ्याच दिवशी उत्साहानं मी कुदळ घेऊन उतरले. काळी माती फावड्याला चिकटून येत होती तरी खणत राहिले. ती ढेकळं वाळून विटांसारखी झाली आणि संक्रांतीपर्यंत तशीच होती. आक्कांनी सांगितलेली खूण अशी: मूठभर माती घ्यायची, लाडू वळायचा, अंगठ्यानं दाबायचा. भुरभुरून फुटला तर उतरायचं, नुसता चेपला तर घरी जायचं. पाऊस बरा झाला असेल तर तीन-चार दिवस थांबावं लागतं. मग दोन-तीन दिवस माती खुरप्याचं ऐकते, नंतर पुन्हा दगड. ते दिवस चुकवायचे नाहीत.

सुतळी लावून प्लॉटचे चार पट्टे केले. पहिल्या पट्ट्यात गाठ न् गाठ वेचली, 33 बाय 16 फुटांना दोघींना सहा सकाळी लागल्या. वेचलेला लव्हाळा आणि हराळी खतात न टाकता डांबरी रस्त्यावर उन्हात पसरून कडकडीत वाळवली. तिथे जून अखेरीला अर्धा किलो ताग फोकला. पंचेचाळीस दिवसांत तो कमरेच्या वर गेला, त्याच्या सावलीत गाजर गवताला डोकं काढता आलं नाही. फुलोऱ्यावर येताच विळ्यानं तुकडे करून मातीत गाडला. दुसऱ्या पट्ट्यावर फ्रीज आणि वॉशिंग मशीनची मोठी खोकी उघडून अंथरली, चिकटपट्ट्या काढून, एकावर एक वीतभर चढवून. उरलेले दोन पट्टे नुसते कापत राहिलो, दर पंधरा दिवसांनी, फूल दिसायच्या आत. हे उरलेले पट्टे कापणं लोकांना काम वाटत नाही, पण सगळा जोर तिथेच आहे. बी पडू दिलं नाही म्हणजे निम्मं काम झालं. ऑगस्टमध्ये त्या पट्ट्यांवर पिवळट भुंगेरे दिसले, अंगावर काळ्या रेघा. हे मेक्सिकन भुंगेरे 1984 साली मुद्दाम आपल्या देशात सोडले, ते गाजर गवताचा पाला खातात. फवारणी केली असती तर तेही मेले असते.

आणि सगळंच तण काढायचं नसतं, हेही आक्कांमुळे कळलं. घोळ, तांदुळजा, केना, कुर्डू त्या बाजूला काढून ठेवायच्या. "ह्ये टाकायचं न्हाई, ह्ये कालवणाचं." तांदुळजा मी 58 वर्षं बाजारातून विकत आणत होते. सांडपाण्याच्या कडेचा मात्र घेऊ नये.

पावसाळ्यात आमच्या भागात पाणी साचतं, म्हणून सपाट वाफे केले नाहीत. गादीवाफे केले, वीतभर उंच, मध्ये चर, चराचं तोंड नाल्याकडे. कोपऱ्यातला तो ढीग चाळणीनं चाळून त्यातली काळी माती परत घेतली. जानेवारीपर्यंत रोज एक पाटी चाळत होते. सप्टेंबरात कृष्णाकाठच्या वांग्याची 40 रोपं लावली, मग मेथी, मुळा. संक्रांतीच्या भोगीला वांगी घरची होती. फेब्रुवारीत ऊस तुटल्यावर एका शेतकऱ्यानं पाचट फुकट दिलं, नाहीतर ते पेटवणारच होते. टेम्पोचे सातशे रुपये पडले. आता तीन पट्ट्यांवर हातभर पाचट आहे, आणि या मे महिन्यातल्या उन्हातही त्याखालची माती बोटाला गार लागते. चौथ्या, नाल्याकडच्या पट्ट्यात लव्हाळा अजून आहे.

शेजारच्या सात प्लॉटच्या मालकांशी मी बोलले. पाच जणांना जागा साफ हवी आहे, पण कुणाला कसायला द्यायला भीती वाटते. उद्या ताबा सांगितला तर? ही भीती खोटी नाही. पण अकरा महिन्यांचा लेखी परवाना करार, हद्दीच्या दगडांचे फोटो आणि पक्कं बांधकाम नाही, विहीर-बोअर नाही, एवढ्या अटींवर तिघे तयार झाले आहेत. आमच्याच गल्लीतली चार घरं यंदा तिथे उतरणार आहेत. शहरातल्या वकील मंडळींपैकी कुणी अशा कराराचा सोपा मराठी नमुना आपल्या पानावर दिला, तर आणखी कितीतरी मालकांची अडचण दूर होईल. माझी ही विनंती त्यांच्यापर्यंत पोचवावी.

हे पत्र शक्यतो रोहिणी निघायच्या आत छापावं. 25 मेला रोहिणी निघते, मृग त्यानंतर दोन आठवड्यांनी. ज्यांना यंदा सुरुवात करायची आहे त्यांना हातमोजे, खुरपी आणि खोकी गोळा करायला तेवढे दिवस हवेत. माझ्याकडे दोन खुरपी आणि एक टिकाव जादा आहे. रोज सकाळी साडेसहा ते नऊ मी प्लॉटवरच असते.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका
विश्रामबाग, सांगली